बोराटीच्या बुडाशी किती माती होती?

पहिला दिवस : प्रवरेच्या घळी

शेत संपतं तिथेच जमीनही संपते. बांधावर उभं राहून पुढे पाऊल टाकायचं म्हटलं तर खाली वीस-पंचवीस फूट खोल घळ, तिच्या पलीकडे दुसरी, आणि तिला येऊन मिळणाऱ्या लहान-मोठ्या ओघळींचं जाळं थेट प्रवरेच्या पात्रापर्यंत गेलेलं. संगमनेर परिसरातल्या या घळींबद्दल सरांकडून अनेकदा ऐकलं होतं. भूशास्त्र शिकवून निवृत्त झालेले सर आणि वनस्पतींच्या ओढीनं त्यांच्या मागे जाणारी मी, असे आम्ही दोघं फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात निघालो. गवत वाळलेलं, बरीचशी पानं झडलेली, त्यामुळे झुडपांचा सांगाडा उघडा दिसतो. मुळं पाहायला हाच काळ चांगला.

पश्चिमेला घाटघरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून साठ-सत्तर किलोमीटर पूर्वेला, संगमनेरात, तो पाचशेच्या घरात येतो. पण हा थोडका पाऊसही सावकाश पडत नाही. बराचसा दोन-चार मोठ्या सरींत कोसळतो आणि उन्हानं तापून मोकळ्या झालेल्या मातीवर तो थेट आदळतो.

इथली माती खडक झिजून जागच्या जागी तयार झालेली नाही. नदीनं हजारो वर्षांपूर्वी आणून टाकलेला हा पिवळसर तपकिरी गाळ आहे. पुढे नदीनं आपलं पात्र खोल नेलं आणि तिला मिळणाऱ्या प्रत्येक ओघळीला त्या नव्या पातळीपर्यंत उतरणं भाग पडलं. घळीचं तोंड दर पावसाळ्यात मागे, म्हणजे शेताच्या दिशेनं, सरकतं. काठावर एक नेपती अर्धी हवेत लोंबत होती. तिच्या मुळांचा झुबका उघडा पडलेला, काही मुळं अंगठ्याएवढी जाड, आणि तरीही वरच्या हिरव्या काड्यांवर विटकरी लाल फुलं आलेली. नेपतीला पानं जवळजवळ नसतातच. कोवळ्या फांदीवर थोडी येतात आणि गळतात. अन्न तयार करायचं काम हिरव्या काड्याच करतात. मुळं मात्र फार खोल जातात. जमिनीनं साथ सोडल्यावर ती एवढा काळ टिकली कशी, याचं उत्तर त्या लोंबणाऱ्या मुळांतच होतं. अर्धी मुळं अजून मागच्या भिंतीत रुतलेली होती.

आम्ही घळीत उतरलो. पायाखाली चुनखडीचे खडे, हरभऱ्यापासून लिंबाएवढे. ते पुरानं वाहून आणले असतील असं मला वाटलं होतं. सरांनी एक खडा भिंतीतून उकरून काढला. हे खडे गाळातच तयार होतात. जमिनीत मुरलेल्या पाण्यातला चुना कोरड्या हवेत साचत जातो आणि त्याचे गोळे बनतात. भोवतीची बारीक माती वाहून जाते, जड खडे मागे राहतात. त्यामुळे उतारावर खड्यांचा थर जितका दाट, तितकी जास्त माती तिथून गेलेली असते. अशा खडेभरल्या उतारांवर हेंकळ दिसतो, पण खुरटा. उभ्या भिंती मात्र ठार उघड्या. बी रुजायला काही आठवडे तरी पृष्ठभाग जागेवर थांबावा लागतो, आणि या भिंतींचा पापुद्रा प्रत्येक सरीबरोबर गळून पडतो.

भिंतीच्या पायथ्याशी हात जाईल एवढी गोल भोकं होती. आधी मला ती घोरपडीची बिळं वाटली. ही पाण्याची बोगदेवाट आहे. ज्या चिकणमातीत सोडियम जास्त असतो ती पाणी लागलं की घट्ट होण्याऐवजी विरघळल्यासारखी सुटी होते. वरच्या भेगेतून किंवा कुजलेल्या मुळाच्या पोकळीतून पाणी आत शिरतं, आतल्या आत माती घेऊन खाली उतरतं आणि पायथ्याशी बाहेर पडतं. वरून जमीन धड दिसते. एक दिवस छत कोसळतं आणि तिथे नवी ओघळ तयार होते. सरांनी मला काठापासून दोन हात लांब चालायला लावलं, ते याच भीतीनं.

झुडपांच्या मुळांनी माती धरून ठेवली जाते हे शाळेपासून ऐकत आलोय. ते खरंच आहे. पण मेलेल्या मुळाची पोकळी पाण्याला वाट करून देते, हे मी इथे पहिल्यांदा नीट पाहिलं. एका बोगद्याच्या वरच्या तोंडाशी हिंगणबेटाचा वाळलेला बुंधा होता. त्याची साल शाबूत होती आणि आतून तो पोकळ होता.

दुपारनंतर मी ज्याच्यासाठी आले होते ते सापडलं. दोन घळींच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यावर सात-आठ बोराट्या होत्या. जंगली बोराची ही बुटकी जात. फांदीवर काट्यांची जोडी असते, एक काटा सरळ आणि दुसरा मागे वळलेला. प्रत्येक बोराटी मातीच्या एकेका चौथऱ्यावर बसली होती. भोवतीची जमीन खाली गेलेली, फक्त झुडपाखालची उंच राहिलेली. पावसाचे थेंब फांद्यांवर अडतात, खालचा पाचोळा उरलेला मार झेलतो आणि मुळांचं जाळं माती पकडून ठेवतं. चौथऱ्याची उंची मोजली की जमीन किती खचली ते कळतं, हे मी वाचलेलं होतं. सगळ्यात ठळक बोराटीखालचा चौथरा भरला ३१ सेंटिमीटर. वहीत आकडा लिहिला, त्याखाली दोन रेघा मारल्या. एक मिलिमीटर माती गेली तर हेक्टरी १० घनमीटर, म्हणजे साधारण १३ टन माती जाते. त्या हिशेबानं ३१ सेंटिमीटर म्हणजे हेक्टरी चार हजार टनांहून जास्त.

परतताना सर एवढंच म्हणाले, "आकडा पेन्सिलीनं लिहिला आहेस ना?"

दुसरा दिवस : टेकडीच्या पायऱ्या

चंदनापुरी घाटाच्या बाजूच्या टेकड्या. काल गाळाच्या मातीत होतो, आज बेसाल्टवर. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत गेले आणि त्यातून दख्खनचं हे पठार तयार झालं. आज ते पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. अशा प्रदेशाला ट्रॅप म्हणतात. तो शब्द स्वीडिश भाषेतल्या जिन्यासाठीच्या शब्दावरून आला आहे. समोरची टेकडी पाहिली की तो लगेच पटतो. कडा, उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार.

चढण्याआधी सरांनी मला पायथ्याच्या एका विहिरीत डोकावायला लावलं. न बांधलेली, जुनी, रुंद विहीर. वर फूट-दीड फूट माती. खाली मुरूम, म्हणजे कुजून भुसभुशीत झालेला खडक. त्याखाली विहीर खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो थर, लाव्ह्यातल्या वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला आणि छिद्रांत पांढरे स्फटिक भरलेला. सगळ्यात खाली काळा पाषाण. काठावरच्या हिवराची मुळं विहिरीच्या भिंतीतून बाहेर आली होती. मातीत त्यांचं फारसं काही नव्हतं. मुरुमात ती पसरली होती, मांजऱ्याच्या भेगांत शिरली होती, आणि काळ्या पाषाणावर टेकल्यावर आडवी वळून चपटी झाली होती. खाली जायला एकच सांध मिळाली होती, तिथे मूळ अक्षरशः पट्टीसारखं बसलं होतं. झुडपांच्या वरच्या आकाराबद्दल मी आजवर जे वाचलं ते सगळं मला या विहिरीनंतर अपुरं वाटलं.

मग चढ. पहिला उतार मुरुमाचा. इथे तरवड होता, गर्द हिरवा, फेब्रुवारीतही शेंड्याला थोडी पिवळी फुलं धरून. त्याच्या मधेमधे बोराटी. त्यावर कड्याची पायरी, काळ्या पाषाणाची. तिच्यात उभ्या भेगा आणि भेगाभेगांतून निवडुंग आणि धायटी. धायटी या दिवसांत लालभडक होते. कड्याला ठिणग्या लागल्यासारखं दूरवरून दिसतं. कड्याच्या माथ्यावर सपाट पट्टा, वर दोन-तीन इंच माती आणि नुसती वाळलेली कुसळी. झुडूप जवळजवळ नाहीच. आणि पुढच्या कड्याच्या बुडाशी, अर्ध्या टेकडीला वळसा घालणारी एक हिरवी रेघ.

ती रेघ मला चुनखडीमुळे असेल असं वाटलं होतं. जवळ गेल्यावर हाताला लाल माती लागली. दोन लाव्हांच्या मधला तांबडा थर. एक लाव्हा थंड झाल्यावर पुढचा येईपर्यंत मधे काळ गेला, पृष्ठभाग कुजला, त्याची चिकणमाती झाली, आणि वरून आलेल्या पुढच्या लाव्ह्यानं ती भाजून काढली. या थरातून पाणी खाली झिरपत नाही. वरच्या खडकाच्या सांधींतून उतरलेलं पाणी इथे अडतं आणि बाजूनं पाझरतं. पाऊस संपून पाच महिने झाले होते, तरी बोटांना ओल लागत होती. त्या ओलीवर एक लहान उंबर, धायटीची रांग, आणि घाणेरीचं रान. घाणेरीला मी या थरावर पाहिलं आणि वाईट वाटलं. बाहेरून आलेल्या या झुडपाला टेकडीवरची सगळ्यात मोलाची जागा बरोबर सापडली होती.

सरांनी मला माथ्यावरच्या गवताकडे आणि खालच्या मुरुमाकडे आळीपाळीनं बघायला सांगितलं. पाऊस भरपूर असेल तिथे बारीक, चिकण माती झाडांना मानवते, कारण ती पाणी धरून ठेवते. कोरड्या मुलखात हे उलटं होतं. चिकण मातीत पाऊस वरच्या वितीतच अडकतो आणि उन्हानं उडून जातो. तेवढ्यात गवताचं भागतं. खडकाळ, भेगाळ जमिनीत तेच पाणी झटकन खोल उतरतं, उन्हाच्या आवाक्याबाहेर. ते मिळवायला लांब मूळ हवं, म्हणजे झुडूप हवं. शेतकरी ज्या जमिनीला हलकी म्हणतो ती रानझुडपाच्या दृष्टीनं भारी असू शकते. काळ्या मातीचं आणखी एक आहे. ती भिजली की फुगते, वाळली की हातभर भेगावते, आणि त्या ताणात नाजूक मुळं तुटतात. म्हणून काळ्या शिवारात रानझुडपं कमी, आणि जी असतात त्यांत बाभळीसारखी चिवट मंडळी पुढे.

उत्तरेच्या अंगाला वळलो तर झुडपं एकदम उंच. इथल्या अक्षांशावर पावसाळा संपल्यापासून मार्चपर्यंत सूर्य दक्षिणेकडून येतो. ओल उडण्याचा काळही नेमका तोच. दक्षिण उतार भाजतो, उत्तर उतार सावलीत राहतो. एकाच टेकडीवर, एकाच खडकावर, शंभर पावलांच्या फरकानं हेंकळ गुडघ्याएवढा आणि डोक्याएवढा दिसला.

टेकडीच्या पलीकडे डाइक होता. भेगेतून वर चढलेला लाव्हा जागीच थिजला, भोवतीचा खडक त्याच्याहून लवकर झिजला, आणि भिंत उभी राहिली. संगमनेर परिसर अशा डाइकसाठी भूशास्त्रज्ञांना चांगला माहीत आहे. याचे खांब उभे नसतात, आडवे असतात, लाकडांची मोळी रचून ठेवल्यासारखे, कारण थंडावा दोन्ही बाजूंच्या भिंतींकडून आत येतो आणि खांब त्या भिंतींना काटकोनात पडतात. खांबांमधल्या बोटभर फटींत हेंकळाची झुडपं होती. वितभर उंच, बुंधे पिळवटलेले, साल भेगाळलेली. कुंडीत वाढवलेल्या बुटक्या झाडाची ठेवण तशीच असते. त्यांना पाणी कमी पडलं म्हणून ती खुजी, हे अर्धंच खरं. मुळाला जाडी वाढवायलाच जागा नाही. वर जेवढं वाढायचं ते खाली जेवढं मावेल त्याच्या हिशेबानं. त्यांच्यापुढे मी बराच वेळ बसून राहिले.

खाली उतरताना शेळ्या घेऊन आलेल्या एक आजी भेटल्या. मी बोराट्यांची मापं घेत होते. त्यांनी विचारलं, काय मोजतेस? मी सांगितलं की इथली बोराटी अशी बसकी, गोल का, ते बघतेय, मुरूम उथळ असल्यामुळे असावी.

"मुरमाचं न्हाई ते, पोरी. ही आमच्या शेरडांनी बसवली," आजी म्हणाल्या. "कवळा शेंडा आला का खुडतात. मंग ती आडवी फुटती. तिकडं वर कड्याला बघ, शेरडू पोचत न्हाई तिथं."

कड्याच्या एका फळीवर, शेळीला उडी घेता येणार नाही अशा जागी, खरंच एक बोराटी होती. फांद्या लांबलचक, खाली झुकलेल्या, गोलपणाचा मागमूस नाही. खडक तोच, आणि माती तर तिथे खालच्यापेक्षाही कमी. आजी पुढे म्हणाल्या की तरवडाला शेरडं तोंड लावत नाहीत, म्हणून तो जिथे-तिथे दिसतो. मी दिवसभर तरवड पाहून मुरुमाची खोली ठरवत होते. त्यात चराईचा हिशेब धरायला हवा होता.

सर आजींना म्हणाले, "आजी, हे आम्ही पुस्तकात शोधत बसलो असतो." आणि मग माझ्याकडे वळून, "कालच्या चौथऱ्याचं बूड उकरून बघितलंस का?"

बघितलं नव्हतं. झुडूप माती राखतं तसं माती गोळाही करतं. वारा आणि उडणारे थेंब आजूबाजूची धूळ आणून फांद्यांखाली टाकतात, पाचोळा साठतो, आणि ढीग वाढतो. चौथरा दोन कारणांनी उंच दिसतो. भोवतीची जमीन खाली गेली म्हणून, किंवा झुडपाखालची वर आली म्हणून. ओळखायची खूण एकच, खोड संपून मूळ जिथे सुरू होतं तो सांधा. तो मातीखाली गाडलेला असेल तर वरची तेवढी माती नंतर साचलेली. मूळ उघडं पडलेलं असेल तर तेवढी माती गेलेली. माझ्या ३१ सेंटिमीटरमध्ये दोन्ही मिसळलेलं असू शकत होतं. परतीच्या वाटेवर पुन्हा तिथे जायचं ठरलं.

तिसरा दिवस : निघोज

आळेफाट्याहून कुकडीच्या खोऱ्यात. वाटेत बोरी बुद्रुकला कुकडीच्या काठी ज्वालामुखीय राखेचा थर आहे. तो इंडोनेशियातल्या टोबा ज्वालामुखीच्या राखेशी जोडला जातो, आणि त्याच्या वयावर अभ्यासकांचे जुने मतभेद आहेत. सर तिथे रमले. मला झुडपं दिसली नाहीत, आम्ही पुढे निघालो.

निघोजला कुकडीच्या पात्रात उघडा बेसाल्ट आहे आणि त्यात रांजणखळगे. पुराच्या भोवऱ्यात अडकलेले गोटे गोल फिरत खडक कोरत जातात. काही खळगे माणूस उभा मावेल एवढे खोल आहेत. इथे माती नाहीच, त्यामुळे माझ्या विषयाला फारसं काही नाही. फक्त एका उथळ खळग्यात वाळू साचली होती आणि तिच्यात बाभळीचं वीतभर रोप उभं होतं. पुढच्या पुरात खळगा धुऊन निघेल आणि वाळूबरोबर तेही जाईल. बी पडायला जागा मिळणं आणि जागा टिकणं, यांतलं अंतर इथे उघड दिसतं.

संध्याकाळी पुढच्या रस्त्यावर एका माळाशी थांबलो. तिथलं लिहायलाच हवं. माळावर ओळीनं खड्डे घेऊन रोपं लावलेली होती. बरीचशी गिरिपुष्पाची, काही ओळखू न येण्याइतकी वाळलेली. वितभर मातीखाली सलग पाषाण. खड्ड्याच्या तळाशी तो दिसतच होता. ज्या पट्ट्यात कुसळी आणि पवन्या दाट होतं, तिथे खणलेला मुरूम पसरून गवत दडपलं गेलं होतं. अशा जागांना कागदोपत्री पडीक म्हणतात. मला तो शब्द मान्य नाही. त्या माळावर गवत होतं, बोराटी होती, जमिनीवर घरटं करणारे चंडोल होते. उंच झाड तिथे नव्हतं, कारण खाली पाषाण होता. झाड लावायच्या आधी एकानं पहार घेऊन चार ठिकाणी जमीन ठोकून बघितली असती तरी पुरे होतं.

पण त्याच माळावर आणखी एक दिसलं. खड्ड्यांच्या काठी टाकलेल्या मोकळ्या मुरुमाच्या ढिगांवर तरवड आपणहून उगवला होता, जवळपास प्रत्येक ढिगावर. मोकळ्या मुरुमात पाणी उतरलं, बी अडकलं, आणि गुरांनी त्याला सोडून दिलं. लावलेलं रोप शेजारीच वाळलेलं.

चौथा दिवस : रेहेकुरी

कर्जत तालुक्यातलं रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य १९८० साली जाहीर झालं. क्षेत्र अवघं २.१७ चौरस किलोमीटर, चालत फिरता येईल एवढं. माळ, गवत, हिवर, बोराटी, आणि त्यांच्यामधून शांतपणे फिरणारे काळवीट. एका नराची पिळदार शिंगं बोराटीच्या पलीकडून बराच वेळ दिसत राहिली.

माझं लक्ष जमिनीकडे होतं. चराई थांबलेल्या जागी दोन झुडपांमधली मोकळी माती नीट पाहिली तर तिच्यावर काळसर, खरबरीत पापुद्रा दिसतो. निळे-हिरवे सूक्ष्मजीव, दगडफुलांचे ठिपके, कुठे कुठे शेवाळ. कोरडा असताना मेल्यासारखा असतो, पाण्याचा थेंब टाकला की मिनिटभरात हिरवट होतो. तो मातीचे कण एकमेकांना चिकटवून ठेवतो. खुराखाली मोडला की पुन्हा जमायला वर्षं लागतात. पायवाटेवर तो नव्हता आणि पायवाटेवरच बारीक ओघळी सुरू झाल्या होत्या. मी पायवाट सोडली नाही.

वाटेलगतच्या एका बोराटीच्या बुडाशी आणि तिच्यापासून चार पावलांवर उघड्या, टणक झालेल्या जमिनीवर मी बाटलीतलं सारखंच पाणी ओतून पाहिलं. बुडाशी ते बघता बघता आत गेलं. उघड्यावर ते पसरलं, बाजूला वाहिलं आणि खळगा शोधून तिथेच साचून राहिलं. झुडपाखाली पाचोळा आहे, मुंग्यांची आणि वाळवीची भोकं आहेत, मुळांनी केलेल्या वाटा आहेत. दोन झुडपांमधल्या जमिनीवरून निसटलेलं पाणी, त्याबरोबरची माती आणि लेंड्या, सगळं वाहत येऊन पुढच्या झुडपाशी अडतं. उघडी जमीन गमावते ते झुडूप कमावतं. शास्त्रात झुडपाखालच्या अशा जागेला सुपीकतेचं बेट म्हणतात.

थोडी धूप झुडपाला पोसते, जास्त झाली की तेच उन्मळून पडतं. प्रवरेकाठची लोंबती नेपती आणि इथली पसरलेली बोराटी ही एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत, आणि माणसाच्या हातात मधलं काहीतरी राखणं असतं. सरांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "राखायचं असेल तर आधी वेग माहीत हवा. दर वर्षी किती जातं ते." आणि गाडीतून त्यांनी एक जड पिशवी काढून दाखवली. आत फूटभर लांबीचे लोखंडी खिळे आणि वायसर होते. घरून निघतानाच त्यांनी ते घेतले होते.

पाचवा दिवस : पुन्हा घळींत

सकाळी सातला त्याच चिंचोळ्या पट्ट्यावर. माती अजून गार होती. ३१ सेंटिमीटरच्या बोराटीपाशी गुडघे टेकून मी कुंचल्यानं आणि खुरप्याच्या टोकानं खोडालगतची माती हळूहळू बाजूला केली. काटे दोन्ही मनगटांना लागले. वर पाचोळा, त्याखाली भुसभुशीत, काळपट, बारीक माती. हिच्यात चुनखडीचा खडा एकही नव्हता. नऊ सेंटिमीटर खाली खोडाची साल बदलली आणि पहिलं आडवं मूळ सुटलेलं दिसलं. त्या पातळीला मातीचा रंगही बदलला, पिवळसर झाला, खडे सुरू झाले. त्याखाली, चौथऱ्याच्या कडेनं, मुळांचा पिंजरा उघडा.

म्हणजे वरचे ९ सेंटिमीटर झुडपानं स्वतः जमवलेले. भोवतीची जमीन गेली ती २२ सेंटिमीटर. जुना आकडा खोडून नवा लिहिला. त्या चिंचोळ्या पट्ट्यापुरता हिशेब केला तरी हेक्टरी २,८०० टनांच्या वर जातो. आणि हे एका बोराटीच्या आयुष्यातलं.

बाकीच्या सहा बोराट्यांचंही बूड तपासलं. दोघींचे चौथरे जवळजवळ पूर्ण साचलेल्या मातीचे निघाले. त्या पट्ट्याच्या मधोमध होत्या, काठापासून लांब. जसजसं घळीच्या काठाकडे जावं तसा साचलेला भाग कमी आणि उघड्या मुळांचा भाग जास्त. अगदी काठावरची शेवटची बोराटी खोडापासूनच घळीकडे कललेली होती, पण तिचे शेंडे पुन्हा आभाळाकडे वळलेले. खोडाला पडलेला तो बाक बुंध्यापासून चार बोटांवर होता. म्हणजे तिच्या वाढीच्या बऱ्याच लवकरच्या काळात काठ तिच्यापर्यंत पोचला होता, आणि त्यानंतरची सगळी वाढ तिनं तिरक्या जमिनीवर केली होती.

उकरलेली माती मी हातानं परत भरली, पाचोळा वर पसरला आणि बाटलीतलं उरलेलं पाणी टाकलं.

मग खिळे. प्रत्येक बोराटीपाशी दोन, एक चौथऱ्यावर आणि एक भोवतीच्या उघड्या जमिनीत. वायसर मातीला टेकवायचा, खिळ्याचं डोकं त्याच्यावर दोन सेंटिमीटर उघडं ठेवायचं. माती गेली की वायसर खाली उतरतो आणि उघडा भाग वाढतो. माती साचली की वायसर गाडला जातो. एकूण चौदा. सर अंतर मोजत होते, मी नकाशा काढत होते. काठावरच्या कललेल्या बोराटीपाशी दुसरा खिळा ठोकायला जागाच नव्हती, पुढे घळ होती. तिथला खिळा आम्ही तिच्या मागच्या बाजूला, शेताकडे, हातभर आत ठोकला.

ऑक्टोबरमध्ये पहिलं माप घ्यायचं आहे. वहीच्या त्या पानावर चौदा ओळी आखल्या आहेत, पहिल्या रकान्यात सगळीकडे २.० लिहिलेलं आहे, पुढचे रकाने मोकळे आहेत.